निःपक्षपाती नवरा

वजनमापे खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने लग्न करावं की करू नये, यावर आजवर कुणी गंभीरपणे विचार केलेला नाही. करायला हवा होता. दिवसभर दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, दोन्ही पारडी एका रेषेत येतात की नाही ते डोळे बारीक करून बघायचं, खऱ्या वजनांवर शिक्का मारायचा, खोटी जप्त करायची, आणि संध्याकाळी घरी आल्यावर "भाजी कशी झालीय?" या प्रश्नाला, घास तोंडात जायच्या आधीच, "फर्स्टक्लास" असा शिक्का मारून मोकळं व्हायचं. आतल्या आत माणसाचे दोन तुकडे होतात हो. पण सांगणार कुणाला?

या नोकरीमुळे मला एक व्यसन मात्र लागलं. टीव्हीवरच्या राजकीय चर्चा. लोक त्या करमणूक म्हणून बघतात, मी तपासणी म्हणून बघतो. पडद्यावर चौकटी-चौकटींत डोकी मांडलेली असतात. सूत्रसंचालक एका डोक्याला विचारतो, "इतकं काम करून आपण थकत कसे नाही?" आणि दुसऱ्याला विचारतो, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" वर दोघांना सारखाच वेळ दिला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतो. अशा वेळी मी खुर्चीतून उठून ओरडतो, "सील करा! हा तराजू आधी सील करा!" बायको आतून म्हणते, "अहो, तो टीव्ही आहे. त्याला ऐकू जात नाही."

त्याला गेलं नसेल, पण दुसऱ्या कुणाला तरी गेलं असावं. कारण आमच्या वॉर्डाची निवडणूक लागली आणि माझी बायको उमेदवार म्हणून उभी राहिली.

बायको हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. पूर्वी बस चढावरच्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत जायची. मग वर वळायला जागा नाही असं कुणीतरी कुणाला तरी कळवलं आणि बस खालच्या चौकातच थांबायला लागली. म्हणजे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी तो सगळा चढ चढायचा आणि मग गुडघे दाखवायचे. बायकोने अर्ज केले, विनंत्या केल्या, साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून दिवस काढले आणि शेवटी वैतागून निवडणुकीचाच अर्ज भरला. अपक्ष. ना झेंडा, ना पोस्टर, ना गाडी. घरात चार पाहुणे जमले की "चहा टाकते" म्हणून आत पळणारी बाई! पण बसचा विषय निघाला की तिच्या गालावर लाल ठिपके येतात, आणि ते आले की मी मुकाट्याने पेपर वाचायला घेतो.

समोर एकच उमेदवार, औषधवाला. पक्षाचं तिकीट, हसरा चेहरा आणि चौकात अगदी बसस्टॉपला लागून औषधांचं दुकान. बस दुकानापाशी थांबते, पेशंट दुकानापाशी उतरतात. यापुढचं गणित मी मांडत नाही.

आमच्या भागातल्या केबलवाल्याने जाहीर केलं की दोन्ही उमेदवारांची समोरासमोर चर्चा तो थेट दाखवणार. बायकोला आनंद झाला. तिच्यासाठी एवढा एकच दरवाजा उघडा होता. घरोघर टीव्ही लागलेला असणार, आणि एकदा का तिला नीट बोलता आलं की लोकांना कळणार होतं. फक्त चर्चेला मध्ये बसायला कुणीतरी निःपक्षपाती माणूस हवा होता. त्यासाठी केबलवाल्याच्या ऑफिसात बैठक झाली. मी तिथे बायकोची पर्स धरायला गेलो होतो, हे मी मुद्दाम नमूद करतो.

हेडमास्तरांचं नाव निघालं. औषधवाला म्हणाला, "नको, त्यांची पाठ वहिनी बघतात." दातांच्या डॉक्टरांचं निघालं. बायको म्हणाली, "ते यांच्याच दुकानात गप्पा मारत असतात." पोस्टमास्तर दोघांनाही चालत होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. केबलवाला कावला. "मग काय आकाशातून आणू आता?"

औषधवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "साहेबांना बसवा की."

सगळे हसले. तो हसला नाही. "मी गंमत करत नाहीये. या माणसाने स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याचा तराजू सील केलाय. असा माणूस तुम्हाला दुसरा सापडणार नाही. हे बसले तर मी येतो, नाहीतर नाही."

मेहुण्याची गोष्ट खरी आहे. तराजू तिरका होता, मी सील केला. तेव्हापासून मेहुणा माझ्याशी फक्त लग्नाकार्यात, तेही फोटो काढेपर्यंत, बोलतो. पण भर बैठकीत आपल्या तत्त्वनिष्ठेचा असा जाहीर गौरव झाल्यावर माणसाची छाती थोडी वर येणारच. माझी आली. पर्स हातातून खाली ठेवून मी म्हणालो, "कर्तव्य म्हणून मी विचार करीन."

घरी येताना मी बायकोला विचारलं, "तुला चालेल ना?"

"तुम्ही नाही बसलात तर तो येणार नाही. तो नाही आला तर चर्चा नाही. आणि चर्चा नाही झाली तर मला विचारतंय कोण?" मग म्हणाली, "फक्त मला बोलू द्या. बाकी काही नको."

"तो तर तुझा हक्कच आहे," मी म्हणालो. माझ्या आवाजात तेव्हाच सूत्रसंचालक शिरला होता.

दुसऱ्या दिवशी मी निवडणूक कार्यालयात गेलो. नियमाने वागणाऱ्या माणसाने आधी नियम विचारून घ्यावा. तिथल्या कारकुनाने माझं सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "सूत्रसंचालकाने उमेदवाराशी संपर्क ठेवायचा नसतो."

"पण मी उमेदवाराच्या घरात राहतो."

"मग सोडा."

"काय?"

"घर."

"अहो, घर माझं आहे!"

"मग उमेदवाराला जायला सांगा."

मी त्याला हे प्रत्यक्ष करून दाखवशील का असं विचारलं. तो विवाहित असावा, कारण लगेच मऊ झाला. त्याने एक जाड पुस्तक काढलं, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला. "हे बघा, दुसरी सोय आहे. संपर्क टाळता येत नसेल तर दोन्ही उमेदवारांशी समान संपर्क ठेवावा. एवढं पाळा म्हणजे झालं."

एवढं पाळा! ज्याने ही ओळ लिहिली त्याने ती मोठ्या वाहिन्यांवरच्या मोठ्या माणसांसाठी लिहिली असणार. तिचा अर्थ लावायला मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेलो. ते वकील नाहीत. आयुष्यभर कोर्टात टंकलेखक होते. पण इतक्या निकालपत्रांवरून त्यांची बोटं फिरली आहेत की ते साधं "बसा" म्हणाले तरी शिक्षा सुनावल्यासारखं वाटतं.

"समान संपर्क," ते डोळे मिटून म्हणाले. "म्हणजे बघा, तुम्ही आज रात्री वहिनींच्या हातचं जेवणार?"

"हो."

"झाला संपर्क. उद्या तुम्हाला औषधवाल्याकडे जेवायला हवं."

"आणि सकाळचा चहा?"

"तोही आलाच. न्याय हा अर्धा करता येत नाही."

मला त्यांचं म्हणणं पटलं, हे आज सांगताना लाज वाटते. पण तेव्हा डोक्यावर निःपक्षपातीपणाचं भूत होतं. त्या दिवसापासून मी एक दिवस घरी आणि एक दिवस औषधवाल्याकडे जेवायला लागलो. पहिल्या दिवशी तो दारातच गोंधळला. मी नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, "मी आपलं सहज बोललो होतो हो साहेब." पण तेवढ्यात त्याच्या आईने ताट वाढलं होतं.

त्या आई म्हणजे एक वेगळंच प्रकरण. खुर्चीत बसल्या बसल्या एक पाय सरळ करायच्या, धरून ठेवायच्या, मग हळूच खाली. मी ओळखलं, हा व्यायाम आमच्या घरात तयार होतो. "तुमच्या बायकोनेच शिकवलाय," त्या म्हणाल्या. "हात इतका हलका आहे तिचा. पण तिथे पोचेपर्यंत माझा जीव जातो बघा. हा दुकान बंद करून मला धरून वर नेतो. दर वळणावर थांबतो आम्ही." औषधवाला मान खाली घालून जेवत होता. मी कानावर हात ठेवले. "मावशी, हा निवडणुकीचा मुद्दा आहे. मला ऐकता येणार नाही." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी मला आणखी भात वाढला. बिचाऱ्याचं डोकं रिकाम्या पोटी चालत नसेल, असं त्यांना वाटलं असावं.

घरातली परिस्थिती नाजूक होती. औषधवाल्याला मी "आपण" म्हणत होतो, म्हणून बायकोलाही "आपण" म्हणायला लागलो. "आपण आंघोळीला आधी जाणार की मी जाऊ?" या प्रश्नावर तिने पहिल्या दिवशी हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तरच दिलं नाही. ती आरशासमोर भाषणाची तयारी करायची, आणि आपल्या कानावर काही पडू नये म्हणून मी बाल्कनीत जाऊन दार लावून घ्यायचो. एकदा वाऱ्याने दार उघडलं आणि "मागच्या बाजूला एक जुनी शेड आहे" एवढं वाक्य आत... म्हणजे बाहेर आलं. मी तसाच चप्पल घालून औषधवाल्याकडे गेलो आणि त्याला म्हणालो, "आपणही आपल्या भाषणातलं एक वाक्य मला सांगा." तो गिऱ्हाईकाला खोकल्याचं औषध देत होता. विचार करून म्हणाला, "मी आपला सेवक आहे." गिऱ्हाईक म्हणालं, "मग जरा लवकर द्या."

रात्री अंथरुणावर पडल्यावर बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला भीती वाटतेय."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार होतो. अगदी उचलला होता. मग मनात आलं की उद्या औषधवाला मला भीती वाटते म्हणाला तर? हात मी तसाच खाली घेतला आणि म्हणालो, "दोन्ही उमेदवारांना शुभेच्छा." मी बराच वेळ छताकडे पाहत पडलो होतो. खरं सांगायचं तर माझा हात मलाच जड झाला होता.

चर्चेच्या दिवशी मी खात्याची पाणसळ आणि एक प्रमाणित माप घेऊन स्टुडिओत आधीच पोचलो. स्टुडिओ म्हणजे केबलवाल्याच्या ऑफिसची मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, कॅमेऱ्यामागे केबलवाला स्वतः, आणि पावडर लावायला त्याची बायको. मी पाणसळ ठेवून टेबल समतल करून घेतलं. दोन्ही पेल्यांत मापाने सारखं पाणी ओतलं. खुर्च्यांपाशी मात्र अडचण आली. औषधवाला उंच, बायको बुटकी. तिला उशी द्यावी तर तो पक्षपात, न द्यावी तर टेबलावर नुसतं कपाळ दिसणार. मी उशी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. शेवटी औषधवाल्यालाही तेवढीच उशी दिली. आता टीव्हीवर त्याचं डोकं चौकटीबाहेर जात होतं. केबलवाला म्हणाला, "साहेब, हा माणूस निवडून आला तर लोक ओळखणार कसे?" औषधवाल्याने मुकाट्याने उशी काढून मांडीवर घेतली आणि पूर्ण चर्चाभर धरून ठेवली.

बायको आली. तिने साधी निळी साडी नेसली होती आणि तिच्या हातात एक घडी केलेला कागद होता. ती माझ्याकडे पाहून किंचित हसली. मी नमस्कार केला. औषधवाल्याला केला होता तसाच.

कार्यक्रम सुरू झाला.

इथून पुढचं मला आठवतं ते असं, की आपण काय करतोय हे मला दिसत होतं आणि हात थांबत नव्हता. सगळा वॉर्ड बघतोय, मेहुणा बघतोय, कारकून बघतोय. कुणी म्हणायला नको की बायकोला झुकतं माप दिलं. औषधवाल्याला मी विचारलं, "समाजसेवेची आवड आपल्याला कधीपासून?" तो निवांत बोलला. लहानपणापासून बोलला. त्याचं संपेपर्यंत मी मान डोलावत राहिलो. मग बायकोकडे वळून म्हणालो, "आपल्याला राजकारणाचा अनुभव काय?"

"अनुभव नाही, पण..."

"म्हणजे नाही. पुढचा प्रश्न. बस वर नेणार म्हणता, ती वळवणार कुठे?"

"तेच सांगते. हॉस्पिटलच्या मागे..."

"थोडक्यात सांगा."

"मागे एक शेड आहे, जुनी, ती..."

"कुणाच्या मालकीची?"

"हॉस्पिटलच्याच. मी तिथे..."

"लेखी परवानगी आहे?"

"अहो, मला जरा..."

"हो की नाही?"

तिने कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. तिच्या गालावर लाल ठिपके आले नव्हते. गाल पांढरे पडले होते. ती बोलायला तोंड उघडायची आणि मी पुढचा प्रश्न टाकायचो, प्रत्येक वेळी जरा अधिकच करड्या आवाजात. तिचा घसा कोरडा पडला, तिला ठसका लागला. आणि मग इतक्या वर्षांची सवय सगळे नियम ओलांडून तोंडातून बाहेर पडली.

"अगं, पाणी पी आधी!"

कॅमेऱ्यामागून केबलवाल्याने डोकं बाहेर काढलं. माझ्या कपाळावर घाम आला. थेट प्रक्षेपणात मी एका उमेदवाराला अगं म्हणालो होतो! तोल सावरायला हवा होता. मी ताडकन दुसऱ्या बाजूला वळलो आणि म्हणालो, "अरे, तू पण पी!"

औषधवाल्याने दचकून उशीसकट पेला उचलला आणि गटागट रिकामा केला.

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. प्रेक्षकांनी प्रश्न विचारण्यासाठी तो ठेवला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी म्हणालो, "बोला, आपण थेट प्रक्षेपणात आहात."

"माहीत आहे मला," पलीकडून आवाज आला. "समोरच दिसताय. मी याची आई."

औषधवाल्याने डोळे मिटले.

"मावशी, आपण उमेदवाराच्या नातेवाईक आहात, त्यामुळे..."

"आणि तुम्ही कोण आहात? तुम्ही काय लांबचे आहात का कुणाचे?" त्यांना चढ चढल्यासारखा दम लागला होता, पण थांबायची चिन्हं नव्हती. "माझ्या हातचं जेवलात म्हणून हक्काने बोलते. मघापासून बघतेय. माझ्या पोराला विचारता, आवड कधीपासून, आणि त्या पोरीला चोरासारखं उलटंपालटं करताय. का? तर लोक काय म्हणतील. अहो, तुम्ही मापवाले ना? मग पारड्यावरचं बोट काढा की! बायकोच्या पारड्यावर पडू नये म्हणून इकडच्या पारड्यावर दाबून बसलाय. दाबलं ते दाबलंच. कुठल्या बाजूला दाबलं, याने काय फरक पडतो?"

मी आजवर शेकडो दुकानदारांना हेच सांगितलं असेल. याच शब्दांत. मला कुणी सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"आणि तू रे," त्यांनी आता मुलाला धरलं, "नुसता उशी धरून बसलायस. दर वळणावर माझ्यासोबत थांबतोस ना? मग बोलू दे तिला."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. त्या तिकडे ऐकत होत्या.

केबलवाल्याने बोटाने खूण केली, वेळ संपत आली होती. दोघांना फक्त समारोपाचे चार शब्द उरले होते. मी बायकोकडे पाहिलं आणि म्हणालो, "बोल." पुढे काहीच म्हणालो नाही. हात टेबलाखाली घेतले.

तिने कागद बाजूला ठेवला. "शेड हॉस्पिटलचीच आहे, बंद पडलेली. तिथे पूर्वी चादरी धुवायचे. ती काढली की बस वळते. मी एका ड्रायव्हरदादांना घेऊन गेले होते. त्यांनी पावलं टाकून बघितलं, खडूने आखून दाखवलं. एवढंच काम आहे." ती थांबली. मी गप्प राहिलो. फार अवघड गेलं, पण राहिलो. "पण मला ते सांगायचं नव्हतं. मला हे सांगायचं होतं, की..."

टिंग! केबलवाल्याने घंटी मारली. तिचा वेळ संपला होता. नियम म्हणजे नियम. मी औषधवाल्याकडे वळून म्हणालो, "आता आपला समारोप."

औषधवाल्याने मांडीवरची उशी टेबलावर ठेवली. "माझा वेळ वहिनींना द्या."

"असं करता येतं का ते बघायला..."

"साहेब, आई अजून फोनवर आहे. मला घरी जायचंय."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि सावकाश बोलायला लागली. "माझ्याकडे येणारी माणसं तो चढ चढून येतात. आल्यावर दारातच टेकतात. तोंडातून शब्द फुटत नाही. आणि जरा दम आला, की ती पहिलं काय म्हणतात माहितीये? 'माफ करा हां, उशीर झाला.' रोज. सगळी. मी त्यांचे गुडघे हातात घेते आणि मला वाटतं, यांनी का माफी मागायची? माफी तर..." तिचा आवाज चिरला. "एवढंच. मला एवढंच सांगायचं होतं."

फोनमधून हुंदका आला. केबलवाल्याची बायको पावडरच्या डब्यातल्या कापसाने डोळे टिपत होती. मला समारोप करायचा होता, पण आवाज निघेना, म्हणून केबलवाल्याने परस्पर गाणी लावली.

निवडणूक झाली. बायको हरली. फार नाही, पण हरली. पक्ष तो पक्ष असतो. ती मोजणीच्या हॉलमध्ये ताठ उभी होती, तिने औषधवाल्याचं अभिनंदन केलं, घरी आली, साडी बदलली आणि बाल्कनीत जाऊन स्टुलावर बसली. मी दारात उभा राहून काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तोच बेल वाजली.

दारात औषधवाला, गळ्यात हार, आणि त्याचा हात धरून त्याची आई. मी त्यांना बसवलं. मला काय करावं कळेना. हॉलमध्ये जिंकलेला उमेदवार, बाल्कनीत हरलेला. इकडे पाणी द्यावं तर तिकडे कोण बघणार? मी मधल्या दारात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे वळत राहिलो. मावशी म्हणाल्या, "अहो, आमचं पाणी आम्ही घेऊ. तुम्ही तिच्याकडे जा बघू."

मी बाल्कनीत गेलो. बायको रडत होती. आवाज न करता, एखादं काम उरकावं तशी. मी खाली फरशीवरच बसलो आणि तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही. आतून कपाटं उघडल्या-लावल्याचे आवाज येत होते. औषधवाला साखर शोधत असावा.

थोड्या वेळाने तो ट्रेमध्ये चार कप घेऊन बाल्कनीच्या दारात आला. हार अजून गळ्यातच होता, कपात बुडू नये म्हणून त्याने तो खांद्यावरून मागे टाकला होता. "वहिनी, ती खडूची खूण कुठे आहे ते मला दाखवाल? मला खरंच माहीत नाही. उद्या सकाळी जाऊ या का?"

बायकोने पदराने नाक पुसलं. "उद्या नको. उद्या मला आणखी थोडं रडायचंय. परवा जाऊ."

"परवा जाऊ," तो म्हणाला. कप वाटून झाले तरी तो तिथेच घुटमळला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, एक विचारू? तुम्ही दोन्ही घरचं जेवलात. दोघांना जवळून बघितलंत. खरं खरं सांगा, कोण निवडून यायला हवं होतं?"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशीही कान देऊन होत्या. मी या प्रश्नावर विचार केला नाही. इकडचं तिकडचं काही तोललं नाही.

"ही," मी म्हणालो.

बायको समोर रस्त्याकडे पाहत होती. तिने मान वळवली नाही, पण तिच्या गालावर ते लाल ठिपके हळूहळू यायला लागले.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

मग मी परत सांगितलं. इतक्या मोठ्याने, की वरच्या बाल्कनीतून वकीलसाहेब वाकून विचारायला लागले, "अहो, काय झालं?"